दामाजी केणींची सही

कल्याणच्या तहसील कचेरीपासून ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत दामाजी केणींची सही ओळखत नाही असा कारकून त्या काळात शोधून सापडला नसता. 'द'च्या पोटातून एक रेघ निघायची, पुढची अक्षरं अंगावर घेत उजवीकडे धावायची आणि शेवटाला वर वळून गळासारखी थांबायची. गळाखाली दोन टिंबं. वाचता यायचं ते एवढंच, की हा माणूस घाईत आहे आणि त्याला कुणाची भीती नाही. रेशनकार्डाच्या अर्जावर ती सही दिसली की साहेब मान वर न करता शिक्का मारायचा. उंबरखारची माणसं म्हणायची, आमच्या शेठच्या सहीला काटा आहे, एकदा लागला की सुटत नाही.

ही सही दामाजीनं आयुष्यात एकदाही केली नव्हती. ती त्याच्या मुलीची, शेवंतीची होती.

उंबरखार म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर, दोनशे उंबऱ्यांचं कोळ्यांचं गाव. दोन होड्या आणि मोठा आवाज या भांडवलावर दामाजी तिथला सरपंच झाला होता. १९८० साली पंचायत समितीच्या सभेत हजेरीचं रजिस्टर फिरत त्याच्याकडे आलं, तेव्हा शेजारच्या गावचा सरपंच काळुराम आपलं शाईचं पेन खिशाला लावत म्हणाला, "दामाजीशेठला पॅड द्या रे. मासळीच्या हाताला पेन घसरतं." सगळी सभा हसली. शिपायानं जांभळं पॅड पुढे केलं आणि अंगठा पुसायला चिंधी दिली.

त्या संध्याकाळी दामाजी मोरीवर बसून राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं अंगठा घासत राहिला. शाई गेली, मग कातडी गेली. मग त्यानं शेवंतीला हाक मारली. ती सोळा वर्षांची होती, नुकतीच दहावी पास झालेली, आणि तिच्या आधी त्या घरात कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं.

"सही कशी करतात?" त्यानं विचारलं.

"कुणाची?"

"माझी."

शेवंतीनं शाळेच्या प्रयोगवहीची मागची अकरा पानं सह्यांनी भरली. कुठल्याही गोष्टीचे दहा नमुने घेतल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. दामाजी दिव्याखाली एकेक पान बघत गेला. नवव्या पानावर त्यानं बोट ठेवलं. "यो," तो म्हणाला. "गलासारखा. यो माझा." तिनं धीर करून विचारलं, की तुलाच शिकवते ना, आठ दिवसांत येईल. "बापसाला शिकवनार तू?" एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून पंधरा वर्षं दामाजीचा उजवा हात शेवंतीच्या खांद्याला लागलेला होता.

सकाळी साडेपाचला तो मिश्री लावत पडवीत उभा राहायचा, तिच्याकडे पाठ करून. ती आदल्या दिवशीचं टपाल वाचून दाखवायची. ठराव, परिपत्रकं, तक्रारी, नियम. त्याची स्मरणशक्ती अशी होती की एकदा ऐकलेलं पान तो स्वल्पविरामासकट परत म्हणायचा. सभेत कागद डोळ्यांसमोर धरून तो असा काही बोलायचा की बी.ए. झालेले लोक माना डोलवायचे. कागद उलटा धरला जाऊ नये म्हणून शेवंती प्रत्येक कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारायची. ती फुली कशाची, हे घराबाहेर कुणाला कधी कळलं नाही. घरात तिघांना ठाऊक होतं: आई आवडाबाई, धाकटा भाऊ सहदेव, आणि सहदेवचं लग्न झाल्यावर त्याची बायको जना.

त्याला वाचून दाखवायचं म्हणून तर तिला शिकू दिलं. कल्याणच्या कॉलेजातून ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत जागा मिळत होती. दामाजी म्हणाला, घरचं काम कोन करनार? गावाला वाटलं, भांडी आणि चूल. पण त्या घरात चूल आवडाबाई बघायची.

मधल्या काळात उंबरखारची ग्रामपंचायत गेली. गाव कल्याण महानगरपालिकेत घेतलं आणि पालिकेवर प्रशासक बसला. आज निवडणूक लागेल, उद्या लागेल असं करता करता बारा वर्षं गेली. सरपंच नुसते माजी झाले. दामाजी मात्र वर चढत गेला. पाण्याच्या टँकरसाठी अर्ज कसा लिहायचा, मतदारयादीत नाव कसं घालायचं, कुठल्या साहेबाला कुठल्या नियमाची आठवण द्यायची हे त्याच्या घरून जितकं नेमकं निघायचं तितकं कुठून निघत नव्हतं. नियम तो बोलायचा, कळायचे ते तिला. अठ्ठ्याऐंशी साली पक्षानं त्याला शहराध्यक्ष केलं. शेवंती महिला आघाडीचं काम बघू लागली. उंबरखारपासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या चाळींमधल्या बायका तिला नावानं ओळखायच्या.

आणि तिला शब्द मिळालेला होता. शहाऐंशीच्या गावदेवीच्या जत्रेत दामाजीनं पाच जाणत्यांसमोर देवीच्या पायरीवर नारळ ठेवला आणि सांगितलं, म्हापालिकेची निवडनूक लागेल तवा खुर्ची शेवंतीची. कोळ्यांमध्ये असा नारळ ठेवला की त्याचं खोबरं गावभर वाटतात. ज्यानं ते खाल्लं तो त्या शब्दाचा साक्षीदार. दोनशे उंबऱ्यांनी ते खोबरं खाल्लं होतं.

शेवंतीला एकच स्थळ जवळून आलं होतं, सत्त्याऐंशी साली. ठाण्याला वर्तकनगरच्या वसाहतीत राहणारा दौलत, शाळेत विज्ञानाचा मास्तर. आईला घेऊन आला, पोहे खाल्ले, आणि मुलीला काय येतं हे न विचारता काय आवडतं हे विचारलं. ती दहा मिनिटं बोलत होती. पुढे निरोप आला नाही. दामाजी म्हणाला, त्यांना मुलगी रंगानं सावली वाटली. तिनं आरशात बघितलं आणि मान्य केलं. त्यानंतर कुणी विचारायला आलंच नाही. तिशी ओलांडली.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मतदारयाद्या तपासायचं काम निघालं. उंबरखारच्या सव्वाशे दुरुस्त्या घेऊन शेवंती ठाण्याला गेली. तिथल्या लांब टेबलावर निवडणुकीच्या कामाला जुंपलेले मास्तर बसले होते. त्यात दौलत होता. कानशिलावर पिकलेला, शर्टाच्या खिशावर लाल शाईचा डाग. त्यानं ओळखलं. याद्या घेतल्या, पावती केली. मग मान खाली घालून, अगदी आपुलकीनं विचारलं, "आता तब्येत कशी असते?"

तिला कळलं नाही.

"नाही, तुमचे वडील स्वतः आलेले ना तेव्हा घरी. मुलीला फिट येतात म्हणून सांगायला. आई अजून म्हणते, इतका खरा माणूस बघितला नाही. कोण सांगतं हो आपणहून?"

शेवंतीनं पावतीची घडी केली, मग घडीची घडी केली. "आता येत नाहीत," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चाळीस कागदांवर सह्या केल्या. प्रत्येकीकडे ती लक्ष देऊन बघत होती. हात कुठे अडखळतो का, गळाची वळणं ढिली पडतात का. एकही सही वेगळी आली नाही. तिला याचं आश्चर्य वाटलं, आणि थोडी भीतीही.

आवडाबाई बोंबील निवडत बसली होती, तिला शेवंतीनं सरळ विचारलं. आवडाबाईनं नाकारलं नाही. "तू गेली असती तं त्याचा हात गेला असता तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "काय करनार व्हता गो तो?"

शेवंतीनं त्यानंतर बापाशी भांडण काढलं नाही. तिचं गणित सरळ होतं. नवरा गेला, नोकरी गेली, आठ वर्षं गेली. ते परत मिळणार नव्हतं. खुर्ची अजून मिळायची होती. ती मिळाली असती तर कदाचित तिनं बाकीचं गिळलं असतं. पुढे अनेकदा तिनं स्वतःला हा प्रश्न विचारला आणि दर वेळी उत्तर तेच आलं: हो, गिळलं असतं.

पंच्याण्णवला निवडणूक लागली. बायकांसाठी राखीव वॉर्ड कुठले, त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि उंबरखारचा वॉर्ड बायकांच्या वाट्याला आला. गावच्या म्हाताऱ्या, रखमाबाईसारख्या, जिनं जत्रेतलं खोबरं दोनदा मागून घेतलं होतं, शेवंतीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून गेल्या. दामाजी पडवीत बसून बघत होता.

दोन दिवसांनी तांदळाचा डबा सरकवताना शेवंतीला त्यामागे एक दुरेघी वही सापडली, पहिलीतल्या मुलांची असते तशी. पहिल्या पानावर तिरपे दांडे आणि अर्धवर्तुळं. चौथ्या पानावर एक 'द', ज्याचं पोट पाठीवर आलेलं. मग पानामागून पान: दामाजी नाथा केणी, दामाजी नाथा केणी. सुरुवातीला 'मा'चा काना दुसऱ्या ओळीत घसरलेला, वेलांट्या उलट्या. शेवटच्या पानांवर मात्र अक्षरं उभी राहिली होती. मोठी, गोल, सुटी, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र रेघ. पानाच्या तळाला लाल टिक आणि तारीख. टिक जनाची होती. तारखा चार महिन्यांच्या होत्या.

क्षणभर तिला ती अक्षरं सुधारत गेलेली बघून बरं वाटलं, कुठल्याही मास्तरणीला वाटेल तसं. लगेच दुसरं काहीतरी वर आलं. पंधरा वर्षं तो तिच्यापाशी शिकायला बसला नव्हता. सुनेपाशी बसला होता, पाटी घेतलेल्या पोरासारखा. आणि का बसला होता, ते चार महिन्यांच्या तारखांवरून स्पष्ट होतं. तिची गरज संपवायची होती.

तिनं वही होती तिथेच ठेवली, डबा होता तसाच सरकवला.

रात्रीच्या जेवणाला दामाजीनं सांगितलं, की वॉर्डाला जनाचं नाव जाईल. सहदेव ताटात बघून भात कालवत राहिला. जना उठून आत गेली. दामाजी म्हणाला, "तू परक्याच्या घरची, बाय. आज नाय तं उद्या जाशील. खुर्ची घरातच राहाया पायजे."

"कुठल्या परक्याच्या, बा?" शेवंतीनं विचारलं.

त्यानं पाण्याचा तांब्या मागितला. तिनं दिला.

आता निवडणुकीच्या कागदांची एक गोष्ट सांगायला हवी. पक्ष आधी अधिकाऱ्याला एक फॉर्म पाठवतो, ए फॉर्म. त्यात लिहिलेलं असतं की अमुक माणसाला आमच्या उमेदवारांची नावं द्यायचा अधिकार आहे, आणि त्या माणसाच्या सहीचे नमुने खाली असतात. मग तो माणूस प्रत्येक उमेदवाराला बी फॉर्म देतो, त्यावर त्याची सही. सही नमुन्याशी जुळली तर उमेदवार पक्षाचा, चिन्ह पक्षाचं. नाही जुळली तर कागद रद्दी. कल्याण-डोंबिवलीसाठी अधिकार दामाजीला मिळाला होता. ए फॉर्म दीड महिन्यापूर्वी मुंबईला गेला होता आणि त्यावरचे नमुने, अर्थातच, गळ आणि दोन टिंबं होते.

फॉर्मबरोबर नियमांचं पत्रक आलं. साडेपाच वाजता दामाजी पाठ करून उभा राहिला, शेवंती वाचू लागली. उमेदवाराचं वय, सूचक, अनामत, तीन वाजेची वेळ. तेराव्या कलमात होतं की स्वाक्षरी नमुना स्वाक्षरीशी जुळणे अनिवार्य आहे. ती बारा वाचून चौदावर गेली. आवाज बदलला नाही. दामाजीनं बेसिनकडे वाकून चूळ भरली आणि सगळं परत म्हणून दाखवलं, बारानंतर चौदा, एक शब्द न चुकता.

पंधरा वर्षांत तिनं वगळलेली ती पहिली ओळ.

तिला एक गोष्ट पक्की माहीत होती, जी दामाजीला माहीत असणं शक्य नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला सही म्हणजे नाव वाटतं. अक्षरं बरोबर आली की झालं. गळ म्हणजे त्याला नुसता थाट वाटत होता, शेवंतीच्या हातचा. स्वतःच्या हातानं, स्वतःचं नाव, कुणालाही वाचता येईल असं लिहिलं, तर त्याहून खरी सही कुठली? सहदेव दहावी नापास होता, त्यालाही तसंच वाटलं. सरळ विचार केला तर ते बरोबरही होतं.

दोन दिवस पुढच्या खोलीचं दार लावून शेवंतीनं बासष्ट बी फॉर्मवर सह्या केल्या. बाहेर उमेदवार हार घेऊन बसले होते आणि साहेब सह्या करतायत म्हणून आपसांत हळू बोलत होते. साहेब आत खाटेवर बसून पंख्याचा वारा घेत होते. उंबरखारचा फॉर्म तिनं हातात घेतला तेव्हा दामाजी म्हणाला, "त्याचा मी बघतो." त्याच्या चेहऱ्यावर लपवता न येणारं काहीतरी होतं, जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसणाऱ्या माणसासारखं. तिनं फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. बंडलात चार फॉर्म जास्तीचे आले होते. त्यातला एक तिनं घरच्या पुराव्यांच्या पिशवीत घातला.

शेवटच्या दिवशी सकाळी ढोल लावून, गुलाल उधळून जनाचा अर्ज भरला गेला. मिरवणुकीत रखमाबाई नव्हती. तीन वाजायला वीस मिनिटं असताना शेवंती एकटी पालिकेच्या इमारतीत गेली आणि आपला अर्ज दिला. सूचक रखमाबाई, अंगठा. सोबत बी फॉर्म, त्यावर कल्याण तालुक्यातल्या प्रत्येक कारकुनाच्या ओळखीची सही.

दुसऱ्या दिवशी छाननी. सभागृहात पक्षाचे बासष्ट उमेदवार, त्यांचे वकील, विरोधी पक्षाचे लोक, आणि त्यांच्यात पुढच्या रांगेत काळुराम, आता आमदारकीचं स्वप्न बघणारा, उंबरखारच्या वॉर्डात बायकोला उभं केलेला, तेच पेन खिशाला. उंबरखारचा वॉर्ड पुकारला गेला. निवडणूक अधिकारी साताऱ्याकडचे, चष्म्यावरून बघणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, एकाच पक्षाच्या दोन उमेदवार आहेत, दोघींचे नातेसंबंध मला विचारायचे नाहीत, पण अधिकृत कोण ते ठरवावं लागेल. त्यांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. मग दामाजीला जवळ बोलावलं.

शेवंती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. मधल्या कागदावर, जनाच्या फॉर्मवर, ती गोल, सुटी, काळजीपूर्वक काढलेली अक्षरं होती. 'णी'ची वेलांटी जरा मोठी झाली होती. एका अक्षरावर पेन दाबल्यानं कागदाला खळगा पडला होता.

"ही सही तुमची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी," दामाजी म्हणाला. त्याचा आवाज सभागृहभर गेला.

"आणि हा ए फॉर्मवरचा नमुना?"

दामाजीनं दोन्ही कागदांकडे बघितलं. त्याची स्मरणशक्ती दांडगी होती आणि डोकंही मंद नव्हतं. शेवंतीनं त्याच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उतरताना बघितली. नमुना माझा नाही म्हटलं, तर त्या नमुन्यावर उभे असलेले बासष्ट फॉर्म आत्ता, इथे, काळुरामच्या डोळ्यांसमोर रद्द. बासष्ट माणसं त्याच्या दारात येतील. मग पंधरा वर्षांचे ठराव, दाखले, शिफारशी, कुणीही उकरून काढील. नमुना माझा म्हटलं, तर मधला कागद खोटा.

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं नजर हटवली नाही. ते तिच्या ध्यानात राहिलं, कारण त्या क्षणी ती एक वाक्य बोलू शकत होती. वडिलांच्या दोन सह्या आहेत, एक घाईची, एक सावकाश, असं काहीतरी. अधिकारी सज्जन होते. वाद वाढला असता, तास गेला असता, कदाचित निघालंही असतं काही. ती बोलली नाही.

"नमुना माझा," दामाजी म्हणाला.

"मग ही?"

"ती माझी नाय."

मागे जना एकदम उभी राहिली. "मामंजी, असं काय बोलताव? तुमीच माझ्यासमोर..." सहदेवनं तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. काळुराम खुर्चीत पुढे सरकला.

अधिकारी म्हणाले, की आपल्या नावावर कुणीतरी सही केली आहे असं तुमचं म्हणणं असेल तर लेखी द्यावं लागेल. लेखनिकानं दोन ओळी लिहिल्या आणि कागद दामाजीच्या हाती दिला, वाचून सही करा म्हणून. कोपऱ्यात फुली नव्हती. दामाजीनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं, कारण तो उलटा होता. शेवंतीनं टेबलावरून हात लांब करून तो त्याच्या बोटांतून काढला, सरळ केला आणि परत त्याच्या हातात दिला.

"सही करा ना, शेठ," काळुराम बसल्या जागेवरून म्हणाला. "तुमची सही बघायला आम्ही कधीपासून आलोय."

दामाजीच्या हातात लेखनिकाचं पेन होतं. त्याला एकच सही येत होती, आणि ती सही खोटी आहे असं आत्ताच त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

शेवंती लेखनिकाकडे वळली. "वडिलांच्या हाताला हल्ली कंप असतो," ती म्हणाली. "शाईचं पॅड असेल ना तुमच्याकडे?"

पॅड होतं. जांभळंच होतं. लेखनिकानं ते सरकवलं. दामाजीनं पेन खाली ठेवलं, डावा अंगठा पॅडवर टेकवला आणि 'वरील सही माझी नाही' या ओळीखाली उमटवला. अंगठ्याला साक्षीदार लागतो. शेवंतीनं पेन उचललं आणि स्वतःची सही केली. तिच्या लक्षात आलं, की स्वतःची सही तिनं कॉलेजच्या परीक्षेनंतर फारशी केलीच नव्हती. ती साधी होती, शाळकरी, नाव वाचता येईल अशी. बापाच्या त्या वहीतल्या अक्षरांपेक्षा फार वेगळी नव्हती.

लेखनिकानं अंगठा पुसायला चिंधी दिली. काळुराम या वेळी हसला नाही. बघायला आला होता ते त्याला बघायला मिळालं होतं, आणि सिद्ध करता येण्यासारखं काही हाती लागलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी जनाचा अर्ज बाद केला. पक्षाचं चिन्ह शेवंतीला मिळालं.

सगळे उंबरखारला परतले. दामाजी मोरीवर गेला नाही, अंगठा घासला नाही. शाई चार दिवस तशीच राहिली. त्या रात्री जनानं दुरेघी वही चुलीत घातली. आवडाबाईनं अर्धी जळालेली बाहेर काढली आणि शेवंतीच्या उशाशी आणून टाकली. "भागली तुझी भूक?" तिनं विचारलं. शेवंती म्हणाली, अजून नाही.

आठ दिवसांनी मुंबईहून पक्षाचं टपाल आलं. साडेपाच वाजता दामाजी सवयीनं पडवीत पाठ करून उभा राहिला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही तेव्हा त्यानं वळून बघितलं. टपाल खाटेवर होतं, न फोडलेलं. शेवंती प्रचाराला निघून गेली होती. पुढच्या टपालाचंही तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात शहराध्यक्ष दामाजी केणी प्रकृतीच्या कारणानं पदमुक्त झाले. राजीनाम्यावर अंगठा होता. हाताला कंप असल्याची बातमी तोवर सगळीकडे पोचली होती, आणि लोकांना त्याचं वाईट वाटत होतं.

मतदानाच्या दिवशी शेवंती उंबरखारच्या शाळेत केंद्र बघायला गेली. उमेदवार म्हणून आत जायचा तिला अधिकार होता. रांगेत दामाजी उभा होता, धुतलेलं पांढरं धोतर, टोपी. लोकांनी त्याला पुढे जायला सांगितलं, तो गेला नाही. टेबलाजवळ आल्यावर मतदान अधिकारी अदबीनं उठला आणि मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर सही करायला त्यानं पेन पुढे केलं. दामाजी पेनाकडे बघत होता. सुनेनं शिकवलेलं नाव त्याच्या बोटांत नक्की होतं, चार महिन्यांची मेहनत होती ती. इथे नमुना जुळवायला कुणी बसलं नव्हतं. त्यानं शेवंतीकडे बघितलं नाही. त्यानं अंगठा पुढे केला.

मग मतपत्रिका घेऊन तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला. तिथे तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. शिक्का मारल्याचा आवाज एकदाच आला. घडी घातलेली मतपत्रिका त्यानं पेटीत टाकली आणि मागच्या दारानं खाडीकडे निघून गेला.

साऱ्या वॉर्डात मिळून शेवंती चारशे बारा मतांनी निवडून आली. उंबरखारच्या पेटीत तिला सहाशे नव्वद मतं होती, काळुरामच्या बायकोला एकशे तीन, बाद अठरा. मोजणीच्या टेबलापाशी उभी राहून तिनं ते आकडे वहीत उतरवून घेतले. मग रात्री, गुलाल धुऊन झाल्यावर, ती ते आकडे परत परत बघत बसली. बापाची एकही गोष्ट अशी नव्हती जी तिच्या हाताखालून गेली नव्हती, प्रत्येक कागद, प्रत्येक शब्द. हे एकच मत तिला न दाखवता त्यानं दिलं होतं, आणि सहाशे नव्वद, एकशे तीन की अठरा, ते कुठल्या आकड्यात पडलं आहे हे शोधून काढायची कुठलीच रीत नव्हती.